काचेवरचं भस्म

तेलगावच्या फाट्यावर तरन्नुमचं तोंड धरायची कुणाची हिंमत नव्हती. दहावीतली पोरगी. शाळा सुटली की गणवेशावरच अब्बाचा जुना शर्ट चढवायची आणि 'इरशाद ऑटो ग्लास'च्या पत्र्याच्या शेडपुढं उभी राहायची. समोर टेम्पोवाला असो नाहीतर मिशीला पीळ दिलेला ट्रकवाला, तिला सगळे सारखेच.

"मामा, ते कोरडं फडकं खाली ठेवा आधी! धुळीवर कोरडं फडकं म्हंजे काचंवर कानस फिरवल्यासारखं हाय. आधी पाणी, मग हात."

"काका, उन्हात तापलेल्या काचंवर गार पाणी ओतायलाव? तडकली की मग आमच्याच नावानं बोंबलाल."

आणि गंमत म्हणजे मामा-काका ऐकायचे. डिसेंबरात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ती फुटक्या काचेचे तुकडे आणि एक बॅटरी घेऊन माईकवर वीस मिनिटं बोलली होती, दुसरा नंबर आणला होता. तेव्हापासून तर तिच्या आवाजाला जणू चाकं फुटली होती.

पण एक वाक्य होतं. एकच. ते बोलायचं तिला घरातून बंद होतं, आणि ते न बोलल्यानं कधी ना कधी रस्त्यावर माणूस मरणार, हे तिला दिवाळीपासून कळत होतं. वाक्य असं: "काकू, तुमच्या भस्मानं बसूदादाच्या काचंला चरे पडायलेत."

काकू म्हणजे गंगासागर काकू. शेडच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. नवरा शिवलिंगप्पा, किराणा दुकानदार, चार वर्षांमागं वारले. मुलगा बसवेश्वर, तोच बसूदादा, तेलगाव-सिरसाळा जीप चालवतो. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आयुष्यात सुपारीच्या खांडाशिवाय कसलं व्यसन नाही. तरन्नुमच्या अब्बाच्या, म्हणजे इरशादच्या, आणि त्यांच्या घरात जाणंयेणं शिवलिंगप्पांच्या बापापासूनचं. ईद आली की इरशाद शिरखुर्मा शिजवून कधी पाठवायचा नाही. शेवया, साखर, खजूर, खोबरं असं सगळं कोरडं सामान ताटात घालून पाठवायचा, म्हणजे काकूंनी आपल्या भांड्यात, आपल्या चुलीवर करून खावं. काकूंनी कधी सांगितलं नव्हतं, यांनी कधी विचारलं नव्हतं. इरशाद याला लिहाज म्हणायचा. म्हणायचा, "समोरच्याला बोलायची येळ येऊ न देणं, ह्याला लिहाज म्हणत्यात."

त्या लिहाजापायीच पुढचं सगळं झालं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात बसवेश्वर जीप घेऊन शेडवर आला.

"चाचा, ह्ये बघा की. संध्याकाळी सिरसाळ्याहून येताना समोर नुसतं पांढरं दिसायलंय. काच हाय का मच्छरदाणी हाय, कळंना गेलंय."

इरशादनं काचेवर पाणी मारलं, मऊ कापडानं एकाच दिशेनं पुसून घेतलं आणि चऱ्यांवरून आडवं नख फिरवलं. नख अडकलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा अडकलं. चरे अर्धगोल होते, एकात एक, परातीच्या कडांसारखे, आणि सगळे ड्रायव्हरच्या नाकासमोर.

तरन्नुमनं वायपर उचलला. रबराच्या धारेत करडा लगदा साचून वाळला होता. तिनं तो चिमटीत चोळला. कचकच वाजला.

"बसूदादा, ह्ये काय हाय?"

"भस्म हाय की."

"वायपरला?"

"मंग!" बसवेश्वर खुलला. "आई रोज सकाळी तीन बोटं ओढती, बरोबर माझ्या डोळ्यासमोर. म्हणती, देवाची नजर तुझ्या नजरंपुढं पाहिजे. आता मला रस्ता तर दिसाया पाहिजे का न्हाई? पण पुसू कशानं? ज्या फडक्यानं टायर पुसतो त्यानंच भस्म पुसू? पाप न्हाई का लागणार? म्हणून मी एक युगत काढली. फाट्याबाहेर आलो की वायपर मारतो, दोन फेरे. म्हंजे मी न्हाई पुसलं. गाडीनं पुसलं!"

असं म्हणून त्यानं तरन्नुमकडं अशा नजरेनं बघितलं की आता हिनं टाळी द्यावी.

"पाणी सोडतोस का वायपरला?" इरशादनं हळूच विचारलं.

"टाकी कवाच फुटलीय चाचा."

तरन्नुमला सगळं एका क्षणात कळलं. काकू भस्म घरी करतात. अंगणात मातीवरच शेणकुटं पेटवायची, राख निवली की गव्हाच्या चाळणीनं चाळून डब्यात भरायची. त्या चाळणीच्या भोकांतून अंगणातली वाळू आरामात खाली जाते. कपाळावर त्या वाळूनं काही बिघडत नाही. पण काचेवर वाळलेली वाळू, वरून कोरडा वायपर, आणि हे रोज, वर्षानुवर्षं!

"दादा, मग त्या भस्मातली—"

"तरन्नुम," अब्बा म्हणाला, "बादली भरून आण."

"भरलेलीच हाय की अब्बा."

"दुसरी आण."

तिनं दुसरी बादली आणली. येऊन बघते तर अब्बानं काच घासायच्या गुलाबी पावडरीचा डबा उघडलेला, मशीनला लोकरीची चकती लावलेली. तिनं बादली खाली आदळली. कारण इरशादचा एक नियम होता, आणि तो फाट्यावरच्या सगळ्या गाडीवाल्यांना पाठ होता: नख अडकलं तर काच बदलायची, घासायची नाही, आणि ड्रायव्हरच्या नजरेसमोरच्या वीतभर जागेला तर मशीन लावायचंच नाही. घासून घासून तिथं खळगा पडतो, मग खळग्यातून रस्ता वाकडा दिसतो. या नियमापायी त्यानं किती गिऱ्हाइकं हात जोडून परत पाठवली होती.

आणि आज तो घासत होता. पाणी मारत, वाटोळं वाटोळं, वीतभर जागेतच.

बसवेश्वर गेल्यावर तरन्नुम उसळली. "अब्बा, तुमी नियम मोडला! कावून? त्याला सांगायचं की, बाबा, भस्म काचंवर नको, वरच्या पत्र्यावर लावा. तीन बोटं वर सरकली की झालं! एवढंच तर सांगायचं हाय!"

"हळू बोल."

"न्हाई बोलत हळू."

"तुझ्या काकूच्या कपाळावरचं भस्म हाय ते," इरशाद म्हणाला. तो चकती धूत होता, मान वर करत नव्हता. "त्यात घाण हाय, असं आपून म्हणावं?"

"घाण न्हाई अब्बा. वाळू."

"आपल्या तोंडातून निघताना वाळू आसती बेटा. गावातून फिरून यीपर्यंत तिचं काय हुतंय, ते तुला अजून कळत न्हाई. दिवस कसे हायत बघतीस ना? इरशादची पोरगी म्हणती भस्मानं गाडी बिघडती. चालंल?"

"काकू असं कवाच म्हणायच्या न्हाईत."

"काकू न्हाई म्हणणार. बाकीचे हायत की. आणि काकू तरी... शिवलिंगप्पा गेल्यापासून त्या बाईला पोराची काळजी करायला तेवढं एक काम उरलंय. आपल्या तोंडून ह्ये न्हाई निघायचं. समजलं?"

तिला समजलं नव्हतं. पण अब्बाचा आवाज कधी नव्हे इतका बारीक झाला होता, म्हणून ती गप्प बसली. आपण गप्प बसलो, याचंच तिला रात्रीपर्यंत नवल वाटत राहिलं.

नोव्हेंबरात बसवेश्वर पुन्हा आला. डिसेंबरात पुन्हा. दर वेळी नवे चरे, दर वेळी मशीन. इरशाद प्रत्येक वेळी अडखळत म्हणायचा, "बसू, काच बदलून टाकू की," आणि बसवेश्वर हसून म्हणायचा, "घासा की चाचा! तुमच्या हातात जादू हाय." इरशादनं दर वेळी म्हणून बघितलं, पण कशामुळं बदलायची ते एकदाही सांगितलं नाही.

संक्रांतीच्या दिवशी गंगासागर काकू तिळगूळ घेऊन शेडवर आल्या. मागोमाग बसवेश्वर, जीपसकट. काकूंनी आधी इरशादला, मग तरन्नुमला तिळाचा लाडू दिला, तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

"दुसरा नंबर आला म्हणं तुझा? माय, माझी पोरगी असती तर पेढे वाटले असते गं फाट्यावर!"

"काकू, अजून वाटा की. मी कुठं न्हाई म्हणते!"

सगळे हसले. तरन्नुम त्या हसण्यातच जीपमध्ये चढली, ड्रायव्हरच्या सीटवर बसली. ऊन मावळतीला झुकलं होतं आणि जीपचं तोंड बरोबर पश्चिमेला होतं.

तिनं समोर बघितलं आणि तिचं हसणं तोंडातच राहिलं.

काच पेटली होती. एकेका चऱ्याला ऊन धरलं होतं, आणि असे हजार चरे. समोर दुधाचा पडदा टांगल्यासारखं झालं होतं. तिनं मान जराशी डावीकडं केली. घासलेल्या खळग्यातून विजेचा खांब दिसला. तो कमरेत वाकला, मान हलवली तसा सरळ झाला, पुन्हा वाकला. भिंगांचा धडा आठ दिवसांपूर्वीच झाला होता वर्गात. फळ्यावरची आकृती इथं अब्बानं आपल्या हातानं काढून ठेवली होती. रस्त्याकडंनं एक बाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन चालली होती. ती पांढऱ्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. तरन्नुमनं एक, दोन, तीन मोजले. मग कुठं बाई दुसऱ्या बाजूनं निघाली.

ती खाली उतरली आणि सरळ बसवेश्वरपुढं जाऊन उभी राहिली.

"दादा, तुला ह्याच्यातनं दिसतं?"

"सवय झालीय गं बाई," बसवेश्वर म्हणाला. "टोपी पुढं ओढतो जरा."

"काच बदल. आजच्या आज."

"कावून गं? एवढी काय घाई?"

कावून. सरळ विचारलं होतं त्यानं. काकू तिथंच उभ्या होत्या, हातात तिळगुळाचा डबा, तोंडभर हसू. तरन्नुमच्या जिभेच्या टोकावर वाक्य आलं. तिनं अब्बाकडं बघितलं. त्यानं फक्त डोळे मिटून घेतले, एखाद्याला मार बसताना बघवत नाही तसे.

"अशीच," तरन्नुम म्हणाली. "लई जुनी झालीय म्हणून."

"जुनं ते चांगलं आसतंय," बसवेश्वर म्हणाला, आणि मायलेक निघून गेले.

जानेवारी संपता संपता, मंगळवारी, संध्याकाळी पावणेसहाला ते झालं.

उसाचा हंगाम भरात होता. दिंद्रुडच्या अलीकडच्या चढावर उसानं भरलेली बैलगाडी कारखान्याकडं निघाली होती. चढावर गाडी मागं सरकू नये म्हणून एक माणूस मागून चालतो, हातात दगड. बैल दमले की दगड चाकामागं टाकायचा. त्या दिवशी दगड सटवाच्या हातात होता. ऊसतोडीला आलेला, चोवीस-पंचवीस वर्षांचा. बायको वर्षाराणी पुढं गाडीवर उसाच्या मोळ्यांवर बसली होती, कासरा धरून.

सिरसाळ्याहून जीप आली. सूर्य बरोबर समोर होता. ब्रेक लागल्याची खूण रस्त्यावर नव्हती, असं नंतर सगळे सांगत होते. सटवा जीप आणि उसाच्या मधे सापडला. उसाचे शेंडे काच फोडून आत घुसले. बसवेश्वरचा गाल चिरला, मागच्या सीटवरच्या दोघांची हाडं मोडली. सटवा जागेवरच गेला. वर्षाराणीला वर बसल्या जागी धक्का लागला, तिला वाटलं बैल बिचकले. तिनं मागं न बघताच हाक मारली म्हणे, "दगड टाका की ओ!"

तरन्नुमला हे सगळं फाट्यावर कळलं. लोक घोळक्यानं बोलत होते.

"पिऊन होता, दुसरं काय!"

"अरे, दिवसाढवळ्या हत्तीएवढी गाडी दिसत न्हाई म्हंजे?"

"भस्म लावून फिरतो बे, आणि आतून असले धंदे!"

"त्यो पीत न्हाई," तरन्नुम ओरडली. एकानं तिच्याकडं बघितलं, "तुला काय माहीत गं, जा घरी," म्हणाला, आणि पुन्हा घोळका मिटला.

दवाखान्यात रक्त तपासलं, त्यात दारू निघाली नाही. पण कागद कोण वाचतो? फाट्यानं निकाल देऊन टाकला होता. बसवेश्वर सगळ्यांना एकच सांगत होता, "मला दिसलाच न्हाई. आईशप्पथ, तिथं कुणीच नव्हतं." हे ऐकून लोकांची खात्री आणखी पक्की होत होती.

त्या आठवड्यात इरशाद जेवला नाही म्हणावं इतकंच जेवला. तरन्नुम चौथ्या दिवशी त्याच्यासमोर जाऊन बसली.

"अब्बा, आता तरी सांगू."

"काच फुटलीय. आता काय दाखवणार?"

"दाखवायचं न्हाई, सांगायचं. लोक दादाला दारुड्या म्हणायलेत. दादाला सोताला वाटायलंय, त्याच्या डोळ्यात काय तरी झालंय. काकू पोलीस ठाण्याच्या पायरीवर बसून ऱ्हातात. आपल्याला दोघांनाच ठाऊक हाय अब्बा. जगात दोघांनाच."

"सांगितलं तर पयला प्रश्न काय यील? चरे होते, तर घासून कुणी दिलं? नियम कुणी मोडला?" इरशादनं आपल्या हातांकडं बघितलं. पावडरीचा गुलाबी रंग नखांच्या कडांत बसला होता, कधी निघत नसे. "माझं दुकान जाईल, त्याचं न्हाई वाटत. पण गंगासागरभाभीला मी कुठल्या तोंडानं सांगू, की भाभी, तुमच्या हातानं आणि माझ्या हातानं मिळून..."

त्याला पुढं बोलता आलं नाही. आणि तरन्नुमलाही नाही. ती शाळेत जात होती, येत होती, सराव परीक्षेचे पेपर लिहीत होती. वर्गात सरांनी काही विचारलं तर आता हात वर करत नव्हती. ज्या तोंडाला महत्त्वाचं एवढं एक बोलता येत नाही, त्यानं बाकीची टकळी कशाला चालवावी, असं तिला वाटायला लागलं होतं.

कोर्टाच्या कागदावर जीप सुटली. बसवेश्वर जामिनावर बाहेर आला होता. गालावर टाके, बोलणं जवळजवळ बंद. बाविसाव्या दिवशी जीप शेडवर ओढून आणली. पुढचा पत्रा दुसरीकडं सरळ करून झाला होता, काच तेवढी बाकी होती. काकूच म्हणाल्या होत्या, उद्यापासून गाडी रस्त्यावर पाहिजे. चूल तिच्यावरच चालते.

इरशादनं हातमोजे घातले, तरन्नुमला घालायला लावले, चष्मा दिला. चौकटीतले फुटके दात पकडीनं एकेक उपटून गोणीत टाकले. रबराच्या खाचेत दोरी भरली, नवी काच बाहेरून टेकवली, आणि तरन्नुम आत बसून दोरी ओढू लागली. दोरी निघत जाईल तशी रबराची कड काचेवर चढत जाते. या कामात ती नेहमी गाणं म्हणायची. आज फक्त रबराचा चर्र आवाज येत होता.

काच बसली. स्वच्छ, नितळ. तिच्यातून विजेचा खांब सरळ दिसत होता.

आणि गल्लीतून गंगासागर काकू आल्या. बावीस दिवसांत बाई निम्मी झाली होती. हातात पितळेची वाटी, वाटीत कालवलेलं भस्म.

"इरशादभाई, झालं का?" त्या म्हणाल्या. "मला कळून चुकलं बघा. माझंच कमी पडलं. घाईघाईत तीन बोटं ओढत होते, कवा पुसट, कवा जाड. देवाला कळतंय ते. आता आतनं-बाहेरनं दोन्हीकडनं लावते. पुसू नको म्हणलं बसूला. आपोआप निघंल तवा निघंल."

त्यांनी तीन बोटं वाटीत बुडवली. हात काचेकडं गेला.

"काकू, थांबा."

तरन्नुमचा आवाज चिरकला होता. ती जीपमधून उतरली आणि काकूंच्या आणि काचेच्या मधे उभी राहिली. इरशाद "बेटा—" म्हणाला. या वेळी तिनं त्याच्याकडं बघितलंच नाही.

"काकू, तुमच्या भस्मात अंगणातली वाळू येती. बसूदादा त्याच्यावर कोरडा वायपर मारायचा. त्यानं काचंला चरे पडले. उनात चरे पेटतात, समोरचं दिसत न्हाई. म्हणून दादाला सटवा दिसला न्हाई. दादाचे डोळे चांगले हायत."

सगळं एका दमात. बोलून झाल्यावर तिला वाटलं होतं, छातीवरचा दगड उतरेल. काहीच उतरलं नाही.

काकूंची बोटं हवेत तशीच होती. भस्माचा एक ओघळ मनगटावरून कोपराकडं निघाला. बसवेश्वर बोनेटला टेकून उभा होता, तो हळूहळू खालीच बसला.

"आणि घासून मी दिली भाभी," इरशाद म्हणाला. "तीन येळा. घासायची नव्हती. मला ठाऊक होतं, आन तरी घासली."

फाट्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात राहिले.

"तुला हे कवा कळलं?" काकूंनी विचारलं. इरशादला नाही, तरन्नुमला.

"दिवाळीत."

"दिवाळीत." काकूंनी मनातल्या मनात महिने मोजले असावेत. "संक्रांतीला मी आलते. हितंच उभी होते. तवा कावून बोलली न्हाईस माय?"

तरन्नुमला रडू येत होतं, पण उत्तर टाळता येणार नव्हतं. "तुमाला वाईट वाटंल म्हणून."

काकूंनी मान हलवली. होकाराची का नकाराची, कळलं नाही. वाटी जीपच्या पायरीवर ठेवली, पदरानं बोटं पुसली.

"त्या पोरीला सांगायला पाहिजे," त्या म्हणाल्या. "सटवाच्या बायकोला. मी गेलते पंधरा दिवसांमागं. दारुड्याची आई म्हणून तिनं हाकलून दिलं. चला. तुमी दोघंबी चला. मी एकटीनं सांगितलं तर पोराला वाचवायलीय म्हणंल."

बसवेश्वर उठायला लागला. "तू न्हाई," काकू म्हणाल्या.

ऊसतोडवाल्यांच्या कोप्या कारखान्याच्या रस्त्याला, ओढ्यापलीकडच्या माळावर होत्या. पाचटाच्या, वाकून आत शिरायच्या. तिघं चालत गेले. वाटेत काकू एकदाच बोलल्या, "गव्हाच्या चाळणीनं चाळत होते मी," आणि पुन्हा गप्प झाल्या.

वर्षाराणी कोपीबाहेर दगडावर कोयता घासत बसली होती. कपाळ मोकळं. तरन्नुमपेक्षा फार तर सहा-सात वर्षांनी मोठी. हंगाम संपेपर्यंत ऊसतोडीची टोळी सोडून जाता येत नाही, म्हणून नवऱ्याचं दिवसकार्य उरकून चौदाव्या दिवशी ती पुन्हा फडात उतरली होती. गाडीमागं दगड घेऊन आता तिचा दीर चालत होता. काकूंना बघून ती उठलीच, कोयत्यासकट.

"कशाला आलीस पुन्हा?"

"ही पोरगी काय सांगती ते ऐक. मग हाकल."

तरन्नुमनं सांगितलं. दुसऱ्यांदा. या वेळी सावकाश, कारण वर्षाराणी मधे मधे विचारत होती. चरे म्हंजे कसे? ऊन धरतं म्हंजे? घासल्यावर वाकडं कावून दिसतं? तरन्नुमनं प्रदर्शनात परीक्षकांना दिली होती तशी सगळी उत्तरं दिली, आणि देताना प्रत्येक उत्तराची तिला लाज वाटली. शेवटी तिनं तेही सांगितलं, की आपल्याला आधी ठाऊक होतं.

वर्षाराणीनं कोयता खाली ठेवला.

"म्हंजे त्यो पिऊन नव्हता?"

"न्हाई."

"झोपला नव्हता?"

"न्हाई ताई."

"कुणी मुद्दाम केलं न्हाई. ह्या म्हातारीनं पोरासाठी केलं. तुझ्या बापानं म्हातारीसाठी केलं. तू बापासाठी गप बसलीस." तिनं एकेकाकडं बोट करत मोजलं. "समदे चांगलेच." ती थांबली. मग तिचा आवाज फाटला. "मंग मी आता शिव्या कुणाला देऊ? बावीस दिवस झाले, रोज सकाळी ऊस तोडताना त्या दारुड्याला शिव्या देती मी. तेवढ्यावर दिवस ढकलती. त्याबी तुमी घ्यायला आलाव?"

इरशादनं मान खाली घातली.  

गंगासागर काकू एक पाऊल पुढं गेल्या.

"मला दे," त्या म्हणाल्या. "मला दे माय. मी हितंच हाय."

वर्षाराणीनं त्यांच्याकडं बघितलं. वाटलं, ती आता कोपीत निघून जाईल. पण तिनं तोंड उघडलं आणि सुरुवात केली. आधी हळू, मग माळावरच्या सगळ्या कोप्यांतून बाया बाहेर येईपर्यंत चढ्या आवाजात. काकूंच्या हाताला शिव्या, इरशादच्या हाताला शिव्या, तरन्नुमच्या जिभेला शिव्या. एकेकाला नाव घेऊन, काही न राखता. तिघंही जागचे हलले नाहीत. मुकादमानं गाड्या जुंपायला हाक दिली, तोवर ती थांबली नव्हती, आणि हाक ऐकून तिनं कोयता उचलला तरी चालता चालता ती देतच होती.